वॉर्डातली कंबरदुखी मोजायची कशी, कमी करायची कशी

हॉस्पिटलमध्ये अर्गोनॉमिक्सचा, म्हणजे काम माणसाच्या शरीराला झेपेल असं बसवण्याचा, विषय निघाला की पहिली फाइल बनते ती खुर्च्यांची. बिलिंग काउंटरला नव्या खुर्च्या येतात, ऑफिसात मॉनिटरखाली स्टँड लागतात आणि काम झालं असं धरलं जातं. वर फीमेल मेडिकल वॉर्डात मात्र दोन सिस्टर आणि एक मावशी मिळून पक्षाघाताच्या आजींना चादरीला धरून उशीकडे ओढत असतात. दिवसभर, दर काही तासांनी. खरा ताण तिथे आहे, म्हणून हा लेख वॉर्डापासून सुरू होतो.

पन्नास ते दोनशे खाटांचं हॉस्पिटल डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय. तिथे अर्गोनॉमिक्सचा तज्ज्ञ नसतो, पेशंट उचलायच्या, छताला बसवायच्या यंत्राला (होइस्ट) बजेट नसतं, पण एक फिजिओ, एक खमकी इनचार्ज सिस्टर आणि मेंटेनन्सचा एक डोकेबाज माणूस बहुतेक ठिकाणी सापडतो. तेवढ्यावर बरंच काही होतं.

आधी एक हिशोब

अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षा-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेने वजन उचलण्याचं आपलं सूत्र १९९१ मध्ये सुधारलं. त्यात सगळं मनासारखं असताना, म्हणजे वजन अंगालगत, साधारण कमरेच्या उंचीवर, न वळता आणि पक्क्या पकडीने उचलायचं असताना, एका माणसासाठी २३ किलोची मर्यादा धरली आहे. पण पेशंट म्हणजे खोकं नव्हे. तो मध्येच अंग ताठ करतो, घाबरून तुमच्या गळ्यालाच मिठी मारतो, घामाने हातातून निसटतो. म्हणून त्याच संस्थेच्या थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये पेशंट उचलण्यासाठी ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो, ही मर्यादा सुचवली.

आता साठ किलोचा पेशंट घ्या. दोघींनी उचलला तर प्रत्येकीला ३० किलो, तिघींनी २०, चौघींनी १५. म्हणजे चौघी लागतात, आणि तेही चौघींवर सारखा भार आला तर. रात्रपाळीला तुमच्या वॉर्डात चौघी असतात का? "गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा" असं पोस्टर भिंतीवर लावून हा भागाकार बदलत नाही. २०११ च्या कोक्रेन समीक्षेतही, म्हणजे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यातही, हेच दिसलं: उचलण्याच्या पद्धतीचं नुसतं प्रशिक्षण दिल्याने कंबरदुखी टळते याला पुरावा मिळाला नाही. कमरेच्या पट्ट्याचंही तसंच. धडधाकट कर्मचाऱ्याला पट्टा बांधून दुखापत टळते असं म्हणायला आधार नाही, हा निष्कर्ष नायॉशने १९९४ मध्येच काढला होता. तेव्हा पट्ट्यांची ऑर्डर देण्याआधी थोडं थांबा.

पायरी १: टीम छोटी, पण खरेदीचा माणूस आत

इनचार्ज सिस्टर, एक मामा (वॉर्डबॉय) किंवा मावशी, फिजिओ, मेंटेनन्स आणि ज्याच्या सहीने पाच-दहा हजारांची वस्तू येऊ शकते असा एक जण. शेवटचा माणूस नसेल तर छान अहवाल तयार होतो आणि कपाटात जातो. मामा-मावशींना टीममध्ये घ्यायला लोक कचरतात, पण ट्रॉलीचं कोणतं चाक कुठे अडतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

वरिष्ठांना पटवायला एक मुद्दा उपयोगी पडतो. हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांमध्ये कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची आणि कामातून होणाऱ्या त्रासाची दखल घेणं अपेक्षित आहे. बहुतेक ठिकाणी ही बाब सुई टोचणं आणि हेपॅटायटिस बीची लस इथवरच येऊन थांबते. कंबरदुखीची फाइल त्याच खात्यात बसते.

पायरी २: कुणाचं काय दुखतं, ते विचारा

यासाठी १९८७ ची नॉर्डिक प्रश्नावली अजूनही पुरते. शरीराचे नऊ भाग: मान, खांदे, कोपर, मनगट-हात, पाठीचा वरचा भाग, कंबर, मांड्या-नितंब, गुडघे, घोटा-पाऊल. प्रत्येक भागासाठी तीन प्रश्न: गेल्या बारा महिन्यांत त्रास झाला का, त्यामुळे रोजचं काम अडलं का, गेल्या सात दिवसांत त्रास आहे का. पाठमोऱ्या माणसाचं चित्र छापा आणि त्यावर खूण करू द्या. नुसतं "पाठ" लिहिलंत तर निम्मे लोक कमरेबद्दल सांगतील. मणक्यात गॅप असल्याचं कुणी सांगितलं तर वाद घालू नका, जागेवर खूण करून घ्या आणि पुढे जा.

नाव लिहायला लावू नका. कंत्राटी हाउसकीपिंग, लॉन्ड्री आणि किचनच्या लोकांना दुखणं सांगितल्यावर कंत्राट न वाढण्याची भीती असते, आणि ती निराधार नाही. विभाग, पाळी, वयोगट, कामाची वर्षं एवढंच विचारा. ज्या विभागात चारच माणसं आहेत तिथे एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, म्हणून असे छोटे विभाग एकत्र करा. कागद बंद पेटीत टाकायचे आणि पेटी फिजिओ उघडणार, एचआर नव्हे, हे आधीच जाहीर करा.

पायरी ३: कामाचा भार मोजा

एक दिवस, पूर्ण २४ तास, वॉर्डात किती वेळा काय हाललं याच्या रेघा मारा: वर सरकवणं, कूस बदलणं, खाट ते स्ट्रेचर, खाट ते व्हीलचेअर, कमोडवर नेणं, जमिनीवरून उठवणं. कागद औषधाच्या ट्रॉलीला अडकवा. नातेवाईकांनी केलेलं कामही मोजा. आपल्याकडे बरीचशी उचलाउचल मुलगा, सून आणि जावई करतात. ती हिशोबात धरली नाही तर वॉर्ड उगाच हलका दिसतो, आणि नातेवाईक नसलेला पेशंट आला की मावशींची तारांबळ उडते.

मग पेशंटचे तीन गट करा: स्वतः हालणारे, थोडी मदत लागणारे, अजिबात हालू न शकणारे. इटलीत तयार झालेली मापो ही पद्धत याच आकड्यांवर चालते. हालू न शकणाऱ्यांची संख्या आणि थोडी मदत लागणाऱ्यांची संख्या, दोन्हींना २४ तासांतल्या एकूण कर्मचाऱ्यांनी भागायचं. उचलायची साधनं नसतील तर पहिल्या भागाकाराला ४ ने गुणायचं, सरकवायची साधनं नसतील तर दुसऱ्याला १ ने. समजा वॉर्डात ८ जण हालू न शकणारे आणि १० जण मदत लागणारे आहेत, आणि तिन्ही पाळ्या मिळून माणसं ९ आहेत. पहिला भाग साधारण ३.६, दुसरा १.१, बेरीज ४.७. या बेरजेला पुढे व्हीलचेअरची अवस्था, खोलीतली जागा आणि प्रशिक्षण यांचे गुणक लागतात. निर्देशांक १.५ पर्यंत हिरवा, ५ पर्यंत पिवळा, त्यापुढे लाल. आपल्या उदाहरणात गुणाकार सुरू होण्याआधीच वॉर्ड लाल रेषेला टेकलाय. व्यवस्थापनापुढे ठेवायला हा आकडा चांगला, कारण त्यात कुणाच्या "चुकीच्या सवयी" येत नाहीत. माणसं, पेशंट आणि साधनं, एवढंच.

पायरी ४: एका कामाला रेबाचे गुण द्या

काम करताना शरीर कसं वाकतं-वळतं ते बघून धोक्याचे गुण देणाऱ्या दोन पद्धती आहेत. बसून, मुख्यतः हातांनी होणाऱ्या कामांसाठी १९९३ ची रुला. लॅब आणि बिलिंगला ती चालते. वॉर्डासाठी २००० साली आलेली रेबा घ्या, कारण ती आरोग्यसेवेतलं अनपेक्षित, वेडंवाकडं काम डोळ्यांसमोर ठेवूनच बनवली गेली. गुण १ ते १५. २-३ म्हणजे कमी धोका, ४ ते ७ मध्यम, ८ ते १० जास्त, ११ पासून पुढे लगेच काम थांबवून बदल करावा असा. तक्ता एका पानाचा असतो: अ मध्ये धड, मान आणि पाय, ब मध्ये हात, क मध्ये दोन्हींची गाठ.

मोबाइलवर बाजूने व्हिडिओ घ्या आणि सर्वांत वाईट क्षणाला थांबवा. पेशंटचं चित्रण मात्र नको. दुपारी रिकाम्या खाटेवर एखाद्या सहकाऱ्याला झोपवून तेच काम करून घ्या. ते हुबेहूब होत नाही, पण गोपनीयतेची भानगड राहत नाही.

आजींना वर सरकवणाऱ्या सिस्टरचंच काम पाहू. खाट खाली, मधे सलाईन स्टँड आणि लॉकर, म्हणून ती उशीकडे तोंड न करता वळून उभी आहे.

धड २० ते ६० अंशांत वाकलेलं, त्याचे ३. वळलेलं आहे म्हणून आणखी १, झाले ४. मान २० अंशांपेक्षा जास्त वाकलेली, २. दोन्ही पाय जमिनीवर पण गुडघे ३० ते ६० अंशांत वाकलेले, २. तक्ता अ मध्ये ही तीन बोटं ६ वर भेटतात. भार १० किलोंच्या वर, अधिक २. "एक, दोन, तीन" म्हणून हिसका दिला, अधिक १. अ चे झाले ९.

आता हात. दंड ४५ ते ९० अंशांत पुढे, ३. कोपर जवळपास सरळ, २. मनगट १५ अंशांहून जास्त वाकलेलं, २. तक्ता ब मध्ये ५. चादरीची चुरगाळलेली कड ही वाईट पकड, अधिक २. ब चे ७. तक्ता क मध्ये ९ आणि ७ मिळून ११ येतात. झटक्यात मोठी हालचाल झाली, अधिक १. एकूण १२.

म्हणजे वॉर्डातलं सर्वांत नेहमीचं काम सर्वांत वरच्या पट्टीत. आणि पेशंट जमिनीवरच्या गादीवर असेल, जे भरलेल्या सरकारी वॉर्डात नवं नाही, तर धड ६० अंशांच्या पुढे जातं आणि गुण आणखी चढतात.

दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत आणि मग पडताळावेत. सुरुवातीला दोन-तीन गुणांचा फरक पडतो. तो बहुतेक मनगट आणि पकडीवरून पडतो, धडावरून नाही. प्रत्येक वॉर्डातली आठ-दहा कामं पुरेत. सगळं मोजत बसलात तर सुधारणेला दम उरत नाही.

पायरी ५: मीटर टेप आणि सामान तोलायचा काटा

माणसांचं झालं, आता वस्तू. विमानप्रवासात बॅग तोलायला वापरतात तो हुकाचा डिजिटल काटा आणा. स्ट्रेचरवर सत्तर किलोचा माणूस झोपवा, काटा हँडलला अडकवा आणि सावकाश आडवा ओढा. दोन आकडे लिहायचे: हलवताना लागलेला जोर आणि चालत ठेवायला लागणारा जोर. कामाच्या सुरक्षेची देखरेख करणाऱ्या ब्रिटनच्या एचएसईचे मार्गदर्शक आकडे असे: हलवायला किंवा थांबवायला पुरुषासाठी २० किलो, स्त्रीसाठी १५, चालत ठेवायला अनुक्रमे १० आणि ७. हे गुळगुळीत, सपाट जमिनीवरचे मार्गदर्शक आकडे आहेत, कायद्याची रेषा नव्हे.

रॅम्पवर काट्याचीही गरज नाही. १ ला १२ उताराचा रॅम्प, पेशंटसकट स्ट्रेचर १४० किलो. १४० भागिले १२, म्हणजे साधारण ११.७ किलो नुसते उताराचे, चाकाचं घर्षण वेगळं. एका मामाने एकट्याने रॅम्पवर स्ट्रेचर चढवायचं नाही हा नियम या एका भागाकारातून निघतो.

जोर जास्त आला तर स्ट्रेचर उलटं करून चाकं पाहा. आसाभोवती केस, गॉजचे धागे, चिकटपट्टीच्या पुंगळ्या घट्ट गुंडाळलेल्या सापडतील. ब्लेडने कापून काढा, तेल द्या, पुन्हा ओढून पाहा. एवढ्यानेही भागलं नाही तर मोठ्या व्यासाची चाकं बसवा. लिफ्टच्या उंबऱ्याला छोटं चाक अडतं, मोठं ओलांडून जातं.

टेपने मोजायचं ते असं: खाटेची उंची, दोन खाटांमधलं अंतर, दाराची रुंदी, ड्रेसिंग टेबलाची उंची, स्टोअरच्या फळ्या. आणि तुमच्या स्टाफची उभं असतानाची कोपराची उंची. सर्वांत बुटक्या, सर्वांत उंच आणि मधल्या काही जणांची मोजली तरी चालेल. परदेशी कॅटलॉगमधल्या उंचीवर विसंबू नका. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेने भारतीय शरीरमापांचं संकलन १९९७ मध्येच प्रसिद्ध केलंय, पण तुमच्या वॉर्डातल्या आठ जणींची मापं त्याहून कामाची. हलकं हातकाम कोपराच्या ५ ते १० सेंटिमीटर खाली, जोर लावायचं काम त्याहून खाली, नजर लावून करायचं बारीक काम कोपराच्या थोडं वर.

पायरी ६: बदल, आधी फुकटचे

पहिला बदल पैसे न लागणारा. वर-खाली होणाऱ्या खाटा वॉर्डात दोन-चारच असतात, आणि त्यांवर पाहावं तर चालतेफिरते पेशंट. हालू न शकणाऱ्या पेशंटला त्या खाटा द्यायच्या, असा नियम ॲडमिशन टेबलवर लावा. सरकवण्याआधी खाटेचं डोकं सपाट करायचं, लॉकर बाजूला घ्यायचा, ब्रेक लावायचा. दोघींची उंची वेगळी असेल तर खाट बुटकीच्या सोयीने लावायची.

नव्या खाटा घेताना एक गोष्ट पक्की विचारा. हँडल फिरवून डोकं आणि गुडघे वर करणाऱ्या फाउलर खाटेची उंची बदलतेच असं नाही. कोटेशनमध्ये "हाय-लो" हा शब्द नसेल तर उंची स्थिर आहे असंच समजा. खरेदी समितीत हा घोटाळा नेहमी होतो. आणि काम झालं की खाट परत खाली आणायची, नाहीतर कंबर वाचवायच्या नादात पेशंट पडायचा.

दुसरा बदल सरकवायची चादर. गुळगुळीत नायलॉनची नळीसारखी शिवलेली असते, पेशंटखाली घालून ओढायची आणि लगेच काढायची, ठेवून द्यायची नाही, कारण तिच्यावरून पेशंट खाली सरकतो. तीच आजी, खाट कमरेला आणलेली, दोन्ही बाजूंना एकेक सिस्टर, तोंड पायथ्याकडून उशीकडे. आता पुन्हा रेबा मोजा. धड २० अंशांच्या आत २, मान १, पाय १, तक्ता अ मध्ये २. भार १० किलोंच्या वरच धरू, अधिक २, हिसका नाही. अ चे ४. दंड २, कोपर १, मनगट १, तक्त्यात १. पकड बरी, अधिक १. ब चे २. तक्ता क मध्ये ४. बारावरून चारावर. चार म्हणजे निर्धोक नव्हे, अजून मध्यमच आहे, पण रोजच्या कामात एवढी घसरण दुसऱ्या कुठल्याच खर्चात मिळत नाही. प्रत्येक वॉर्डाला अशा चादरी कमीत कमी दोन हव्यात, नाहीतर एक धुवायला गेली की जुनं सुरू. इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरला आधीच विचारा, नंतर नाही.

खाट ते स्ट्रेचरसाठी फळी घ्या. दोन्ही पृष्ठभाग जवळपास एका पातळीवर, जिकडे न्यायचं ती बाजू फक्त बोटभर खाली, दोन्हीकडचे ब्रेक लावलेले. उभं राहू शकणाऱ्या पेशंटसाठी मुठी असलेला कमरपट्टा. हा पेशंटला बांधायचा, स्टाफला नव्हे, आणि पोटाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांना विचारूनच. फिरता होइस्ट ऑर्थो किंवा आयसीयूत पहिला येऊ द्या. पण तो खोलीच्या टोकाला झाकून ठेवला तर कुणी आणायला जात नाही, आणि दोन खाटांमधून त्याचे पाय जातात का हे विकत घेण्याआधी टेपने पाहायचं असतं.

स्टोअरमध्ये अर्ध्या लिटरच्या २४ सलाईन बाटल्यांचं खोकं बारा किलोंच्या वर जातं, आणि ते नेहमी सर्वांत खालच्या फळीवर असतं. मांडी ते छाती या पट्ट्यात जड सामान ठेवा, कापूस-डायपर वर आणि खाली. जंबो ऑक्सिजन सिलिंडर पन्नास-साठ किलोंचा असतो. तो तिरका करून गरगर फिरवत नेण्याचं कसब काही मामांना असतं, लोक कौतुकाने बघतातही. सिलिंडरला साखळीची ट्रॉली द्या. धोबीखान्याच्या पिशवीवर अर्ध्यावर लाल रेघ शिवून घ्या, तिथवर भरली की बांधायची. ओल्या चादरींनी गच्च भरलेली पिशवी किती जड होते ते तोच काटा लावून पाहा.

ऑपरेशन थिएटरात वेगळी गंमत असते, कारण तिथे सर्जन स्वतःलाच कर्मचारी मानत नाहीत. लॅप्रोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनात, अवजारांच्या मुठी कोपराच्या पातळीवर याव्यात एवढं टेबल खाली घ्यायचं, मॉनिटर समोर आणि डोळ्यांच्या किंचित खाली. असिस्टंट बुटका असेल तर रुंद फूटस्टूल, ज्यावर पेडलही मावतं. एक्स-रेपासून बचावाचा लेड ॲप्रन कमरेला वेगळा बांधायचा दोन तुकड्यांचा घेतला तर खांद्यांवरचा भार कमी होतो. लांबलचक ऑपरेशनमध्ये अर्ध्या-पाऊण तासाने मिनिटभर हात खाली सोडून मान-खांदे हलवायचे. ही सूचना फिजिओने दिली तर हसण्यावारी जाते, भूलतज्ज्ञाने घड्याळ पाहून दिली तर पाळली जाते.

सोनोग्राफीत मशीन आणि पेशंट दोन्ही जवळ ओढा, म्हणजे दंड अंगापासून लांब जात नाही. आणि खुर्च्या? त्यांचा क्रम आता लागला. त्यातही नर्सिंग स्टेशनला आधी, जिथे एंट्रीसाठी वाकून उभं राहून टाइप करतात.

पायरी ७: पुन्हा मोजा

तीन महिन्यांनी तीच आठ-दहा कामं, शक्यतो त्याच दोन माणसांनी, तोच तक्ता. ट्रॉल्यांचा जोर दर महिन्याला मेंटेनन्सच्या वहीत. नॉर्डिक प्रश्नावली सहा महिन्यांच्या आत पुन्हा काढू नका. दुखणं इतक्या लवकर हटत नाही आणि लोक कंटाळतात. दरम्यान सोपी गोष्ट मोजा: आठवड्यातल्या एखाद्या पाळीला अचानक जाऊन, सरकवण्याच्या दहा वेळांपैकी चादर किती वेळा वापरली गेली. आकडा कमी आला तर स्टाफला बोलण्याआधी चादर कुठे ठेवलीय ते पाहा. कुलूपबंद कपाटात असेल तर उत्तर मिळालंच.

एक सावधगिरी. काम सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत तक्रारी वाढतात. आजवर दुखणं सांगून उपयोग नव्हता, आता कुणीतरी विचारतंय, म्हणून लोक बोलतात. हा वाढीव आकडा बघून एखादा संचालक प्रकल्प गुंडाळायला निघतो. त्याला सुरुवातीलाच हे सांगून ठेवा, आणि ज्या वॉर्डात अजून काहीच बदललेलं नाही अशा एका वॉर्डाचे आकडे शेजारी ठेवा. वर्षाने सिक लीव्हचं रजिस्टर काढून कमरेच्या आणि खांद्याच्या कारणाने गेलेले दिवस दोन्ही वॉर्डांत तपासा, आणि पुढच्या वर्षीच्या खाटांच्या मागणीला तो कागद जोडा.